माझ्या पायाला बेतलेली गाडी

लग्न होऊन वडगाव रासाईला आले तेव्हा मला स्कूटीसुद्धा येत नव्हती. स्कूटी शिकले मुलीच्या शाळेपायी, आणि चारचाकी शिकले सासऱ्यांच्या गुडघ्यापायी.

आमचं रान भीमेच्या काठाला आहे. फ्लॉवर, मेथी, कोथिंबीर आणि सणांच्या बेताने झेंडू. माल काढायचा, क्रेट भरायचे आणि कधी दौंडच्या बाजारात, कधी शिरूरला, कधी सणसवाडीच्या खाणावळींना पोचवायचे. सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांनी जन्मभर ट्रॅक्टर चालवला. दर वेळी दुसऱ्याच्या टेम्पोची वाट बघून कंटाळले आणि एका उन्हाळ्यात त्यांनी जुनी पिकअप घेतली. दोन-तीन महिनेच चालवली असेल, तोवर त्यांचा डावा गुडघा असा धरला की क्लच दाबताना डोळ्यांत पाणी यायचं. नवरा रांजणगावला कंपनीत. त्याच्या पाळ्या बदलत राहणार, आणि कोथिंबीर काही त्याची सुट्टी बघून काढणीला येत नाही.

"ड्रायव्हर बघू या," नवरा म्हणाला.

"कशाला? हिला शिकवतो की," मामा म्हणाले.

सासूबाई भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. मला तोंडानं नाही म्हणायचं होतं आणि मनातून फार शिकायचं होतं.

कांदा काढून मोकळ्या झालेल्या वावरात मामांनी मला शिकवलं. शेजारी बसायचे, गुडघ्यावर हात ठेवून. ओरडायचे नाहीत. "काट्याकडं बघू नगं, आवाज ऐक," एवढंच म्हणायचे. दोन महिन्यांत हात बसला, परवाना मिळाला आणि मी माल घेऊन रस्त्यावर आले.

आणि तिथून माझी अब्रू जायला सुरुवात झाली.

नदीकाठच्या रानातून गावात यायला एक चढ आहे. फार मोठा नाही, पण मध्येच वळतो. वळणावर गाडी हळू करावी लागते आणि तिथूनच पुन्हा उचलावी लागते. रिकामी गाडी चढायची. क्रेट भरले की वळणावर गुदमरायची, थरथरायची आणि बंद पडायची. मग हँडब्रेक, पुन्हा चालू, अर्धा क्लच, जळका वास, आणि मागे उसाचा ट्रॅक्टर हॉर्न वाजवत उभा. मामांनी उन्हाळ्यात चालवली तेव्हा माल थोडाच असायचा, त्यामुळे त्यांना हे कधी जाणवलंच नव्हतं. मी निम्मे क्रेट खाली उतरवून दोन खेपा करू लागले. एका वर्षात क्लचची प्लेट दोनदा बदलावी लागली. ती बदलणारा मिस्त्री हात पुसत म्हणाला, "ताई, क्लचवर पाय ठेवून चालवता तुम्ही. बायकांचं असंच असतं."

सपाट रस्त्यावर नेमकं उलटं. मी आपली चाळिसावर काटा ठेवून जायची, तर शेजारी बसलेल्या सासूबाई दाराची मूठ धरून, "अगं, केवढी पळवतीस!" मी म्हणायची, "आत्या, चाळीसच आहे." त्यांचा विश्वास बसायचा नाही. वळणावर मलाही वाटायचं की गाडी आपल्या हिशेबापेक्षा जास्त वेगात आली. ब्रेक जोरात लागायचा, क्रेट पुढे सरकायचे.

म्हणजे चढाला मी भित्री आणि सपाटीला बेफाम. पारावर बसणाऱ्यांना एवढं पुरे होतं. पण त्यांचं मला इतकं लागलं नाही. लागलं ते मामा एकदा नवऱ्याला हळूच म्हणाले ते. "तिला जमत न्हाई रं. माझीच चूक झाली." मी चुलीपाशी होते. ऐकलं आणि दूध उतू गेलं तरी हललेच नाही.

त्यानंतर महिनाभरात दौंडच्या बाजारात क्लच पुन्हा सुटला. गाडी जागची हलेना. झेंडू उतरवून झाला होता एवढंच नशीब. ज्या फुलवाल्याला मी माल देते तो म्हणाला, "ताई, रेल्वे लाइनच्या पलीकडं एक आबा हायेत. रेल्वेत इंजिनावर होते, आता घरापुढंच काम करत्यात. त्यांना दाखवा. पण एक सांगतो, ते प्रश्न लई विचारतात."

दोघातिघांनी ढकलत गाडी तिथवर नेली. पत्र्याची शेड, स्वच्छ झाडलेली. भिंतीवर नट आवळायचे पाने ओळीने टांगलेले. आबा म्हणजे सडसडीत, सत्तरीकडे झुकलेले, पांढरा शर्ट खोचलेला, चष्म्याला दोरी. मी सवयीनं आधीच सांगून टाकलं, "माझाच पाय क्लचवर राहतो, म्हणून जातोय क्लच."

"हे तुमाला कुणी सांगितलं?"

"मिस्त्रीनं."

"तो तुमच्या शेजारी बसला होता का?"

मी नाही म्हणाले. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. एक स्टूल मला दिलं, एकावर स्वतः बसले आणि विचारू लागले. माल किती भरता? रस्ता कुठला? चढ कुठं? चढाच्या आधी रस्ता सरळ आहे का वळणाचा? दिवसात हायवेला किती जाता आणि गल्लीबोळात किती? गाडी चालवताना कशाची भीती वाटते?

या शेवटच्या प्रश्नाला मी म्हणाले, "मागं घसरंल ह्याची. आणि लोक बघत्यात त्याची."

आबांनी मान हलवली, जणू मी एखाद्या नट-बोल्टचा नंबर सांगितला होता. "आज प्लेट घालून देतो, म्हंजी घरी जाल. परवा सकाळी मी येतो तुमच्याकडं. तो चढ बघितल्याबिगर मी काय बोलणार न्हाई."

मला वाटलं, म्हणायचं म्हणून म्हणाले. पण परवा सकाळी ते खरोखरच आले. एसटीनं फाट्यापर्यंत, पुढं कुणाच्या तरी मोटरसायकलवर, हातात कापडी पिशवी. चहा नको म्हणाले. "आधी काम. माल भरा, रोज भरता तेवढाच. मी हाय म्हणून कमी नगं."

फ्लॉवरचे क्रेट भरले. आबा शेजारी बसले. ते रस्त्याकडे बघतच नव्हते, माझ्या पायांकडे बघत होते. परीक्षेत पर्यवेक्षक मागे येऊन उभा राहावा तसं मला झालं. वळणावर पोचलो, गाडी गुदमरली आणि व्हायचं तेच झालं. बंद. मी स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं.

"उतरा," आबा म्हणाले. "हितं मी बसतो."

गाडी मागे घेऊन त्यांनी पुन्हा खालून सुरुवात केली. मी वर उभी होते. मामाही काठी टेकत तिथवर आले होते. वस्तीवरची चार माणसं जमली होती. वळणाला गाडी हळू झाली, आबांनी पहिला गिअर टाकला, गाडी थरथरली आणि बंद पडली.

खिडकीतून डोकं बाहेर काढून ते मोठ्यानं म्हणाले, मला वाटतं मुद्दामच मोठ्यानं, "माझ्या हातातसुदिक बंद पडली की!"

चाळीस वर्षं इंजिनांवर काम केलेला माणूस, चार लोकांसमोर, हसत हसत. दुसरा कुणी असता तर रेस वाढवून, क्लच जाळून, काहीही करून गाडी वर आणली असती आणि मला दाखवून दिलं असतं. आबांनी तसं केलं नाही. नंतर विचारलं तेव्हा म्हणाले, "मी इंजिन ओरडवून चढवली असती. पर रोज तसं चालवायचं का? तुमी बरोबरच चालवत होता. मीबी तसंच चालवलं."

क्रेट उतरवून गाडी वर आणली आणि अंगणात घेतली. आबांनी मागची दोन्ही चाकं जॅकवर उचलून खाली लाकडी ठोकळे दिले. गिअर न्यूट्रल. पिशवीतून खडू काढला, टायरवर एक रेघ मारली, आणि गाडीखाली शिरून गिअरबॉक्सपासून मागच्या अॅक्सलपर्यंत जाणाऱ्या लांब शाफ्टवर दुसरी.

"आता दोघांनी दोन चाकं धरा. एकदम फिरवायची, एकाच चालीनं. एक मागं राहिलं तर हिशेब चुकंल."

मामांना खाली वाकता येईना, म्हणून त्यांना उलटा क्रेट दिला. ते उजव्या चाकापाशी, मी डाव्या. आम्ही सासरा-सून एकमेकांच्या हाताकडे बघत ती चाकं सावकाश फिरवत होतो आणि गाडीखालून आबा मोजत होते. "एक... दोन... तीन..." टायरची रेघ फिरून जागेवर आली. "थांबा! चारबी पुरे न्हाई भरले."

खालून बाहेर येऊन त्यांनी शर्टाची माती झाडली. मामांना म्हणाले, "दादा, माल वाहायच्या ह्या गाडीत चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे पाचाच्या आसपास फेरे पायजेत. हितं चारबी न्हाईत. आधीचा मालक काय करत होता?"

मामांना ते ठाऊक होतं. आधीचा मालक सोलापूर रोडला पार्सल वाहायचा.

"मग बरोबर. हलका माल, लांबचा सपाट रस्ता. त्यानं मागचं क्राउन-पिनियन, म्हंजी शाफ्टवरनं चाकं फिरवणारी दात्यांची जोडी, बदलून घेतलंय, पळायला. त्याच्या कामाला त्ये ठीक होतं. इंजिन तेच, गिअरबॉक्स तोच, पण मागचे दात वेगळे. म्हंजी ह्यांचा पहिला गिअर हा खरा पहिला न्हाईच. जवळजवळ दीड नंबरला गाडी उचलायला लावताय तुमी ह्यास्नी, रोज, चढावर, माल भरून. क्लच जळंल न्हाईतर काय हुईल?"

मामा क्रेटवरून उठले नाहीत. खडूच्या रेघेकडे बघत राहिले. ट्रॅक्टरचा माणूस, त्यांना सगळं एका वाक्यात समजलं होतं.

मला मात्र दुसरंच आठवलं, "आणि आत्या म्हणतात मी पळवते, पण काटा तर चाळीसच दाखवतो."

आबांचे डोळे चमकले. "चला," म्हणाले. रिकामी गाडी घेऊन आम्ही किलोमीटरचे दगड असलेल्या रस्त्यावर आलो. त्यांनी मनगटातलं घड्याळ काढून हातात धरलं. "काटा चाळिसावर ठेवा. हलू देऊ नका." एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत. "बहात्तर सेकंद. चाळिसानं नव्वद लागले असते. तुमी पन्नासनं चाललाय, ताई. काट्याची केबल गिअरबॉक्सातनं येती, त्याला काय ठावं मागं कुणी दात बदललेत?"

मी गाडी कडेला घेतली आणि हसत सुटले. हसता हसता डोळे भरून आले. आबा खिडकीबाहेर उसाकडे बघत राहिले, माझं होईपर्यंत.

त्या संध्याकाळी नवरा पहिली पाळी करून आला आणि अंगणात बैठक बसली. आबांनी दोन वाटा मांडल्या. आहेत ते दात ठेवायचे, तर माल कमी भरावा लागेल. दात बदलायचे, तर चढाला गाडी हसत चढेल, पण हायवेला सत्तरच्या पुढे इंजिन ओरडेल. "एकाच इंजिनाकडनं दोन्ही मागता येत न्हाई. ताकद घेतली तर वेग सोडायचा."

नवऱ्याचा चेहरा पडला. सुट्टीच्या दिवशी गाडी तोच चालवायचा. नगर रोडला लागला की त्याला चेव यायचा. "म्हंजी बैलगाडीच झाली की, आबा."

"तुमी आठवड्यातनं किती दिवस चालवता?"

"एक."

"आन् ह्या?"

"सहा."

आबांनी बशीत चहा ओतला आणि सावकाश प्यायले. शेवटी नवराच म्हणाला, "बदला मग."

पण आबांचं तेवढ्यानं भागलं नाही. ते माझ्याकडे वळले. "ताई, तुमाला गाडीकडनं काय पायजे, ते तुमच्या तोंडानं सांगा."

या घरात मला भाजीला काय करू हे विचारलं जायचं, मुलीला कुठल्या शाळेत घालू हेही विचारलं गेलं होतं. पण गाडीकडून काय पाहिजे, हा प्रश्न मला स्वतःलाही कधी पडला नव्हता. मी विचार करून सांगितलं. वळणावरून पूर्ण माल घेऊन एका दमात उचलली पाहिजे. न्हावऱ्याच्या चौकात गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू सरकली पाहिजे, बंद पडता कामा नये. हायवेला पन्नास-पंचावन्न मला पुष्कळ झाले. आणि एक्सिलेटरवर नुसता पाय ठेवला तरी ती उसळते, ते नको.

"ह्ये शेवटचं मी सकाळीच बघितलं," आबा म्हणाले. "पहिल्या बोटभर दाबातच सगळं देऊन टाकती. घाईच्या माणसानं करून घेतलंय."

जुळणारं क्राउन-पिनियन मिळायला दोन आठवडे गेले. नव्याऐवजी अपघातातल्या गाडीचं जुनं, पण चांगल्या दातांचं मिळालं तर बरं, असं म्हणून त्यांनी भंगारवाले पालथे घातले. फोन यायचा, "एक बघितलं, दात खाल्लेत. सोडून दिलं." मग एक दिवस, "मिळालं, या."

काम चालू असताना मी दिवसभर शेडमध्ये बसून होते. दोन दातांमधली फट किती ठेवायची, हे ते रंग लावून, फिरवून, पुसून, पुन्हा लावून ठरवत होते. चौथ्यांदा उघडलं तेव्हा मी विचारलं, "आबा, एवढं बारीक कशाला?"

"आज आवाज केला न्हाई तरी वर्षानं करंल. तवा तुमी रस्त्यात असाल, मी न्हाई."

मग हात चालू ठेवून रेल्वेतलं सांगू लागले. मालगाडीचं इंजिन आणि मेलचं इंजिन बाहेरून जुळ्या भावांसारखं दिसायचं, पण आतल्या दातांचं गणित वेगळं. एक ड्रायव्हर जन्मभर मालगाड्या ओढून मेलवर आला आणि पहिले काही दिवस सगळे त्याला कच्चा म्हणू लागले. "त्याचा हात मालगाडीचा होता. हातात खोट नव्हती. जोडी जुळली नव्हती. तवापासनं मी आधी माणूस बघतो, मग मशीन."

शेवटी त्यांनी एक्सिलेटरची केबल लिव्हरच्या दुसऱ्या भोकात अडकवली. एवढंसं काम. पाय दाबला की आता इंजिन हळूहळू बोलायला लागायचं. सीटखाली पट्ट्या घालून ती दोन बोटं वर घेतली आणि पुढे सरकवली, कारण मी क्लच तळापर्यंत दाबताना घसरून खाली जाते हे त्यांनी त्या पहिल्या सकाळीच पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी कोबी भरला. निम्मा नाही, पुरा. मामा म्हणाले, "मी येतो." शेजारी बसले. वळण आलं, मी गाडी हळू केली, पहिला टाकला, क्लच सोडला. गाडीनं एक खोल श्वास घेतल्यासारखं केलं आणि चालू लागली. वास नाही, थरथर नाही. मी एक्सिलेटर जेमतेम दाबला होता. वर आल्यावर मी थांबले नाही, तशीच गावातून पुढे निघाले. पारावरच्यांनी पाहिलं की नाही, ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

बाजारातून परत येताना मामा म्हणाले, "मी त्यादिवशी पोराला काय बोललो, ते तू ऐकलंस न्हवं?"

मी रस्त्याकडे बघत राहिले. "व्हय."

"खोट गाडीत होती. मी तुझ्यात बघितली." मग, "ट्रॅक्टरवाला असून मला कळलं न्हाई."

एका सासऱ्यानं सुनेला यापेक्षा जास्त काय म्हणायचं? मी गाडी चौथ्यात टाकली.

नवऱ्याची कुरकुर मात्र बरेच दिवस चालली. सुट्टीच्या दिवशी नगर रोडला एसटीसुद्धा पुढं जाते म्हणायचा. डिझेल लांबच्या रस्त्याला थोडं जास्त जातं, हेही खरं निघालं. मी आबांना ते सांगितलं, तर त्यांनी लगेच मान्य केलं. "जाणारच. तेवढं मी आधी बोलायला पायजे होतं. चुकलं माझं." मग एकदा नवऱ्यानं सुट्टीच्या दिवशी स्वतः पुरा माल भरून तो चढ चढवला. घरी येऊन हातपाय धुतले आणि म्हणाला, "राहू दे अशीच." नंतर त्यानं वेगाचं नाव काढलं नाही.

ती पिकअप आम्ही आणखी पाच वर्षं वापरली. क्लचची तीच प्लेट शेवटपर्यंत टिकली. सणसवाडीच्या खाणावळीतला बिहारकडचा आचारी मला "ड्रायव्हर दीदी" म्हणू लागला, आणि आमच्याच वस्तीवरच्या दोघीजणी माझ्याकडे गाडी शिकल्या. त्यांना शिकवताना मी आधी त्यांची सीट त्यांच्या उंचीला लावून द्यायची. त्या दोघी म्हणायच्या, मी त्यात फार वेळ घालवते.

गेल्या वर्षी नवी गाडी घ्यायचं ठरलं. मी आबांना बरोबर चला म्हणाले, तर ते फोनवर हसले. "आता मी कशाला? तुमाला ठावं हाय काय विचारायचं." शिरूरच्या शोरूममधला सेल्समन नवऱ्याला इंजिनाची ताकद, स्क्रीन, कॅमेरा सांगत होता. मी विचारलं, "मागच्या अॅक्सलचा रेशो काय आहे? चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे?" त्यानं आधी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा म्हणाला, "माझ्याकडं नगा बघू, चालवणार ती हाय." त्यानं माहितीपत्रक उलटंपालटं केलं आणि मॅनेजरांना बोलावलं. मी म्हणाले, चालवून बघायची आहे, पण रिकामी नाही. बाहेर आमची जुनी पिकअप उभी आहे, तिच्यात टोमॅटोचे क्रेट आहेत.

"मॅडम, डेमो गाडीत माल भरत न्हाईत," सेल्समन म्हणाला.

"मग मला कळणार कसं?"

मॅनेजरांनीच ताडपत्री अंथरायला सांगितली. आम्ही क्रेट भरले. घोड नदीच्या अलीकडे एक बरा चढ आहे, तिथे मध्यावर मी गाडी मुद्दाम थांबवली. मॅनेजर शेजारी बसले होते, त्यांनी वरची मूठ धरली. हँडब्रेक ओढून, मागचे टोमॅटो आरशात एकदा बघून, मी सावकाश क्लच सोडायला घेतला.